मांडीच्या मागच्या शिरांसाठी पट्टा घ्यायचाय? लूपचा, कडीचा, रबरी आणि नवारीचा

वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावायला गेलं की गुडघ्याच्या मागे दोरी ताणल्यासारखं होतं आणि हात नडगीच्या मध्यावरच अडतो. ही तक्रार घेऊन घरच्या घरी ताण द्यायला सुरुवात करणाऱ्यांसमोर चार प्रकारचे पट्टे असतात: ओळीने दहा-बारा लूप शिवलेला नायलॉनचा, टोकाला दोन कड्या असलेला सुती, रबरी, आणि पट्टा म्हणून कुणी विकत नाही पण काम चोख करते ती पलंगाची नवार. चौघांचाही विचार इथे एकाच कामासाठी केला आहे. माणूस नवशिका, जागा घरातली, शेजारी बघायला कुणी नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. नवशिक्याने कडीचा सुती पट्टा घ्यावा, २.४ मीटरचा. पैसे वाचवायचे असतील तर नवार आणून शिवून घ्यावी, ती तसूभरही कमी नाही. लूपचा पट्टा वाईट नाही, पण तो पहिल्या महिन्याचा नाही. रबरी पट्टा या कामाला नकोच.

पट्टा हवाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मांडीच्या मागे ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात ते तीन स्नायू आहेत. तिन्ही बैठकीच्या हाडापासून निघतात, म्हणजे लाकडी पाटावर बसलं की खाली टोचतं ते हाड. तिथून खाली येऊन एक गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आणि दोन आतल्या अंगाला जोडले जातात. गुडघ्यामागे हात लावला की दोन्ही बाजूंना तारेसारखे जे लागतात, ते याच स्नायूंचे कंडरे. हे स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात, म्हणून त्यांना खरा ताण तेव्हाच बसतो जेव्हा खुबा वाकलेला आणि गुडघा जवळजवळ सरळ असतो. उभं राहून वाकलं तर ही स्थिती येते खरी, पण धडाचं सगळं ओझं कमरेवर लटकतं. स्नायू आखडलेला असला की ओटीपोटाचं हाड पुढे कलत नाही, आणि मग वाकण्याची उरलेली कसर कंबर भरून काढते. हात खाली पोचतो, पण ताणली जाते पाठ. पाठीवर झोपून पट्ट्याने पाय वर घेतला की पाठीला जमिनीचा आधार मिळतो आणि ताण जिथे हवा तिथेच राहतो. पट्ट्याचं काम एवढंच: हात जिथे पोचत नाही तिथे हाताची लांबी वाढवणं.

आता लूपचा पट्टा. बहुतेकांच्या मनात हाच असतो, कारण चित्रात तो फार शास्त्रशुद्ध दिसतो आणि सोबत व्यायामांचा तक्ताही येतो. लांबी साधारण पावणेदोन ते दोन मीटर आणि त्यात दहा लूप, म्हणजे प्रत्येक लूप १५ ते २० सें.मी.चा. अडचण नेमकी इथेच आहे. खुब्यापासून टाचेपर्यंत पाय ८५ सें.मी. धरला, तर टाच १५ सें.मी. सरकणं म्हणजे पाय साधारण १० अंशांनी उचलला जाणं. नवशिक्याला पुढे जायचं असतं एका वेळी दोन-तीन अंश. हातातला लूप सोडून पुढचा धरला की उडी त्याच्या तिप्पट-चौपट होते. शिवाय लूप मोजता येतात. काल पाचवा होता, आज सहावा पकडू, असं मनात येतंच, आणि ताण किती बसतोय हे विचारायचं सोडून आकडा किती झाला हे विचारलं जातं. आखडलेल्या स्नायूला अशी घाई मानवत नाही. तो उलट आवळून धरतो.

दुसरा दोष पावलाच्या जागेचा. लूप अरुंद असतात. पाऊल टाचेपर्यंत आत जात नाही, चवड्यावरच अडकतं. चवड्यावर पट्टा ठेवून ओढलं की घोटा वाकून बोटं चेहऱ्याकडे येतात, पोटरी ताणली जाते, आणि मांडीच्या मागून पोटरीत उतरणारी सायटिक नसही ताणली जाते. माणसाला वाटतं, वा, काय ताण बसलाय! पण तो गुडघ्याच्या मागे आणि पोटरीत जाणवतो, मांडीच्या मधल्या मांसल भागात नाही. सोबतच्या तक्त्यांवरही बहुधा चवड्यावरचंच चित्र असतं. हॅमस्ट्रिंगसाठी पट्टा तळपायाच्या खळग्यात, टाचेला लागून हवा आणि घोटा सैल. लूपच्या पट्ट्यानेही हे जमतं: पाऊल लूपमध्ये घालायचंच नाही, पट्ट्याचा मधला भाग सपाट धरून खळग्यावरून न्यायचा आणि दोन्ही हातांत दोन बाजूंचे लूप घ्यायचे. पण एवढं करायचं तर लूपचे जादा पैसे कशाला?

तरी दोन प्रसंगी तो कामाचा आहे. बोटांत संधिवात असेल, मूठ नीट वळत नसेल, तर लूपमध्ये मनगटापर्यंत हात न घालता नुसती चार बोटं अडकवून पट्टा धरता येतो. आणि महिनाभरानंतर जेव्हा टाचेने पट्ट्याला रेटा देऊन मग सैल सोडण्याची पद्धत सुरू कराल (ती पुढे येईल), तेव्हा न घसरणारी पकड उपयोगी पडते. घेतलाच, तर प्रत्येक लूपच्या सांध्यावर शिवण आडवी, दाट आणि दुहेरी आहे का ते बघा. एका ओळीची साधी टीप असेल तर आधी एक टाका उसवतो आणि मग ओळीने सगळे. इलॅस्टिकच्या पट्टीचे लूपवाले पट्टेही मिळतात. दुकानात दोन्ही हातांनी खेचून बघा. लांबी वाढत असेल तर परत ठेवा.

कडीचा सुती पट्टा दिसायला अगदी साधा असतो. दीड इंच रुंद जाड विणीची पट्टी आणि एका टोकाला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन कड्या. योगवर्गात पट्टा वापरण्याची सवय आपल्याकडे रुजली ती मुख्यतः पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीमुळे. झोपून पट्ट्याने पाय वर घेण्याचं सुप्त पादांगुष्ठासन त्याच पद्धतीच्या वर्गांत नेहमी दिसतं. कडीच्या पट्ट्याचा मोठा गुण म्हणजे लांबी हवी तेवढी, अगदी सेंटिमीटरनेही कमी-जास्त करता येते. बोटांतून पट्टी जराशी सरकवली की झालं. दुसरा गुण सुताचा. नायलॉन घामेजल्या तळव्यावरून घसरतं आणि त्याची कड पावलाला काचते. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो.

कडी ओवायची कशी, यावर बरेचजण अडतात. पट्टीचं मोकळं टोक आधी दोन्ही कड्यांमधून खालून वर काढा. मग ते मागे वळवून वरच्या कडीवरून आणि खालच्या कडीच्या आतून परत ओढा. शेपूट ओढलं की फास आवळतो, वरची कडी बोटाने उचलली की सैल होतो. पावलासाठी साधारण ४० सें.मी. घेराचा फास पुरे. तो खळग्यावर बसवा, कड्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला येऊ द्या आणि उरलेली शेपटी दोन्ही हातांत धरा. मनगटाभोवती पट्टा गुंडाळू नका. पायात गोळा आला किंवा कुठे कळ आली तर हात उघडला की पाय सुटला पाहिजे.

लांबीत काटकसर केली की फसगत होते. सव्वा किंवा दीड मीटरचे पट्टे ऑनलाइन स्वस्त दिसतात, पण फास न करता वापरला तर पट्टा हातापासून तळव्यापर्यंत जाऊन परत हातापर्यंत येतो. पाय जेवढा आखडलेला तेवढं तळवा आणि हात यांतलं अंतर जास्त, म्हणजे ज्याला गरज अधिक त्यालाच लांब पट्टा लागतो. आखूड पट्टा धरायला माणूस खांदे आणि डोकं जमिनीवरून उचलतो, मान आखडते, आणि मग हा व्यायाम मला झेपत नाही असा समज होतो. दुकानातच बघायचं असेल तर पट्ट्याच्या मध्यावर पाय ठेवून उभं राहा. दोन्ही टोकं वर खेचल्यावर छातीपर्यंत यायला हवीत. सरासरी उंचीला २.४ मीटर पुरतो. सहा फुटांच्या पुढे असाल तर ३ मीटरचा घ्या.

कड्या धातूच्या घ्या, आणि त्यांचा जोड कुठे आहे ते बघा. वाकवून नुसत्या टेकवलेल्या कडीत बारीक फट राहते. जोर लागला की ती उघडते आणि पट्टी त्यात अडकून फाटते. प्लास्टिकचं चाप असलेलं बकल लावायला सोपं, पण काही महिन्यांत त्याचे दात गुळगुळीत होतात आणि पट्टा हळूहळू सुटत जातो.

नवारीबद्दल जरा सविस्तर, कारण कौतुक तिच्या वाट्याला कधी येत नाही. जुन्या पलंगांना विणायची सुती नवार घ्या, दीड इंच रुंदीची, २.७५ मीटर. रुंद नवार पावलाच्या खळग्यात घडी पडून बसते, म्हणून रुंदी याच्या पुढे नको. नवी नवार खळ दिलेली, ताठ असते आणि सूत पाण्याने आटतं, म्हणून शिवायच्या आधी एकदा भिजवून, धुऊन, सावलीत वाळवा. मग एका टोकाची २० सें.मी. घडी मागे घ्या, म्हणजे ४० सें.मी. घेराचा पायाचा फास तयार होतो. घडीला लागून पुढचे ५ सें.मी. एकमेकांवर ठेवून चौकोनी टीप मारा आणि चौकोनाच्या आत फुली. दप्तराच्या पट्ट्याला असते तशी. दुसऱ्या टोकाला ३ सें.मी. दुमडून शिवा, नाहीतर विण सुटत जाते. दप्तरं-बॅगा दुरुस्त करणारा हे काम पाच मिनिटांत करतो. घरच्या मशिनवर करायचं तर १६ किंवा १८ नंबरची सुई लावा, बारीक सुई दोन पदरांत मोडते. अंतर मोजायचं असेल तर नवारीवर दर ५ सें.मी.ला पेनाने खूण करा. लूपच्या पट्ट्याचा मोजण्याचा फायदा तेवढ्यात मिळतो, आणि तोही तिपटीने बारीक.

आजच सुरुवात करायची असेल तर सुती ओढणी चालते. सपाट चौपदरी घडी घालून वापरा, पीळ देऊन नको. सिंथेटिक ओढणी घसरते.

रबरी पट्ट्याबद्दल थोडक्यात. तो जोर वाढवायच्या व्यायामासाठी आहे. ताण देताना पाय एका जागी निवांत टेकलेला हवा, रबर तर सतत ओढत राहतं, म्हणून स्नायू सैल पडत नाही. शिवाय तळव्यावरून निसटलं तर ते सरळ तोंडावर येतं. डोळ्याला इजा व्हायला तेवढं पुरतं.

आता पट्टा हातात आल्यावर काय करायचं. आधी पाच मिनिटं अंग गरम करा: घरातल्या घरात चाला, खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस करा, भिंतीला हात लावून प्रत्येक पाय दहा वेळा कमरेच्या खालीच पुढे-मागे झुलवा. थंड स्नायूला ताण देऊ नये. सकाळी उठल्या उठल्या तर नकोच. रात्रभर आडवं झोपल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि पहिल्या तासाभरात पाठ वाकवली तर त्यांच्यावर दाब जास्त येतो. संध्याकाळची वेळ सगळ्यात चांगली.

सतरंजी किंवा ६ मि.मी.ची मॅट अंथरून पाठीवर झोपा. हनुवटी छताकडे उचलली जात असेल तर डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवा. ज्या पायाला ताण द्यायचा नाही तो गुडघ्यात वाकवून तळवा जमिनीवर टेकवा. चित्रांत हा पाय सरळ असतो, पण पहिले तीन-चार आठवडे वाकवलेलाच बरा, कमरेला सोपं जातं. दुसरा गुडघा छातीकडे घ्या, पट्टा खळग्यावर लावा आणि मांडी उभी करा, जमिनीशी काटकोनात. आता मांडी तशीच धरून गुडघा हळूहळू उघडत जा. मांडीच्या मागे पहिली ओढ जाणवली की थांबा. ती ओढ दहापैकी तीन-चार एवढीच असावी. चेहरा आवळला जात असेल, श्वास रोखला जात असेल, तर दोन सें.मी. मागे या. गुडघा पूर्ण ताठ करायचा हट्ट नको, ५ ते १० अंश वाकलेला चालतो. उलट तो ताठ करून कुलूप लावल्यासारखा ठेवला की ओढ गुडघ्यामागच्या कंडऱ्यांवर आणि नसेवर जाते.

कोपरं जमिनीला टेकलेली ठेवा. हाताचा जोर लावायचा नसतो, हातांचं नुसतं वजन पट्ट्यावर राहू द्यायचं. असं ३० सेकंद, म्हणजे संथ पाच-सहा श्वास. मग आधी गुडघा वाकवा आणि नंतर पाय खाली आणा. सरळ पाय धाडकन खाली सोडला तर कमरेला झटका बसतो. प्रत्येक पायाला दोनदा, म्हणजे एका पायाला एकूण एक मिनिट. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५, ३० आणि ६० सेकंदांची तुलना केली होती. ३० सेकंद १५ पेक्षा चांगले ठरले आणि ६० सेकंदांनी ३० पेक्षा अधिक काही दिलं नाही. पाच-पाच मिनिटं लटकून राहायची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, रोज केलं तरी हरकत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मांडी दुखता कामा नये. दुखली तर कालचा ताण जास्त झाला.

चूक होते ती बहुधा ओटीपोटाच्या हाडाची. पाय वर ओढताना माकडहाड जमिनीवरून उचललं गेलं, की पाय वर गेल्यासारखा दिसतो पण गेलेली असते कंबर. कंबर आणि जमीन यांच्यामध्ये पातळ नॅपकिनची घडी ठेवा. ताण देताना ती एकदम चेपली गेली तर समजा की तुम्ही पुढे गेलात. दुसरी चूक पाय आडवा कलण्याची. टाच खांद्याच्या रेषेबाहेर गेली की ताण मांडीच्या आतल्या अंगाला सरकतो. टाच, गुडघा आणि त्याच बाजूचा खांदा एका रेषेत ठेवा. तिसरी म्हणजे हिसके. पाय टोकाला नेऊन वर उसळवला की स्नायू स्वतःला वाचवायला आवळतो आणि तेवढ्यात तंतू तुटायची भीती असते.

ताण स्नायूचा की नसेचा, हे ओळखता आलं पाहिजे. पाय त्याच जागी धरून बोटं हळूच चेहऱ्याकडे वळवा. मांडीतली ओढ तशीच राहिली तर ती स्नायूची. एकदम पोटरीत, तळव्यात करंट गेल्यासारखं झालं, मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर ती नसेची ओढ. नसेला ताणून धरून ठेवायचं नसतं. पाय लगेच खाली घ्या. पाय जेमतेम ३० ते ७० अंश उचलल्यावर गुडघ्याच्या खाली कळ जात असेल, तर मणक्याची गादी दाबत असण्याची शक्यता असते. पट्टा बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ओढ अगदी वर, बैठकीच्या हाडाशीच दुखत असेल आणि लाकडी बाकावर बसलं की वाढत असेल, तर तिथला कंडरा दुखावलेला असू शकतो. तिथे ताण दिल्याने तो हाडावर आणखी दाबला जातो. याला ताण नाही, फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेला जोराचा व्यायाम लागतो. धावताना मांडीत चटकन काही तुटल्यासारखं झालं असेल आणि निळं पडलं असेल, तर पहिले काही दिवस पट्टा अजिबात लावू नका.

खुब्याचा सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाळा, बऱ्याच जणांना ९० अंशांच्या पुढे खुबा वाकवायची मनाई असते. गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात, तेव्हा नेहमीच्या निम्मा ताण पुरे, आणि शेवटच्या महिन्यांत पाठीवर फार वेळ झोपायचं नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांनी झोपूनच करावं, बसून पुढे वाकण्याच्या भानगडीत पडू नये.

पट्टाही नको असेल तर दाराची चौकट आहे. दारात झोपायचं, एक पाय चौकटीवर टेकवून उभा आणि दुसरा दारातून पलीकडे सरळ. हात मोकळे राहतात, म्हणून वयस्कांना हे सगळ्यात निवांत वाटतं. चौकटीपासून बसकण किती सें.मी. लांब आहे तेवढं मोजायचं आणि दर आठवड्याला एक-दोन सें.मी. जवळ जायचं. पण बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या जुन्या वाड्यांत उंबरठे उंच असतात आणि ते नेमके मांडीखाली येतात. तिथे दार सोडून भिंतीचा बाहेरचा कोपरा किंवा पक्क्या कपाटाची बाजू वापरा.

तीन-चार आठवड्यांनी, रोजची ओढ सहज वाटायला लागली, की रेटा देऊन सोडण्याची पद्धत. पाय वर असताना टाचेने पट्ट्याला खाली रेटा द्या, पाच-सहा सेकंद, तुमच्या ताकदीच्या पाचव्या हिश्श्याएवढाच. मग पूर्ण सैल सोडा, एक श्वास घ्या, पाय एक-दोन सें.मी. वर घ्या आणि २०-३० सेकंद थांबा. दोन फेऱ्या पुरेत. पूर्ण ताकदीने रेटलं तर मांडीत गोळा येतो. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू लांबत नाही, ताण सोसायची मर्यादा वाढते, म्हणून मध्येच आठवडाभर खंड पडला की थोडं मागे गेल्यासारखं वाटतं. तिथून परत कमी ताणानेच सुरू करा.

नुसत्या ताणाने भागेलच असं नाही. दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा ऑफिसच्या खुर्चीत बसणाऱ्यांचा स्नायू बरेचदा आखूड असण्यापेक्षा कमजोर असतो, आणि कमजोर स्नायू आखडल्यासारखाच वाटतो. ताणाच्या आधी पाठीवर झोपून, दोन्ही गुडघे वाकवून कंबर उचलायचे दहा-दहाचे दोन सेट करा. टाचा बसकणीपासून थोड्या लांब ठेवल्या की काम मांडीच्या मागे जातं. बडोद्याला हे नवं नाही. योगाचा शास्त्रीय अभ्यास करणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात इथेच, जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांच्या हाताखाली घडले आणि पुढे १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. अंग कमावणं आणि अंग सोडणं बरोबरीनेच चालायला हवं.

नवरात्रासाठी तयारी करणाऱ्यांना एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. गरब्याला निघायच्या अगदी आधी पट्टा लावून लांबलचक ताण देऊ नका. एका स्नायूला मिनिटभराहून जास्त स्थिर ताण दिला की थोडा वेळ त्याचा जोर कमी होतो, आणि गरब्यात तर झटकन वाकायचं, वळायचं, उसळायचं असतं. मैदानावर जाण्याआधी पाय झुलवणं, जागच्या जागी चालणं, हलक्या बैठका. पट्टा परत आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आणि सुरुवात नवरात्राच्या निदान सहा आठवडे आधी करा, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घेतलेला पट्टा त्या वर्षी उपयोगाचा नाही.

पट्ट्याची निगा फारशी नाही. सुती पट्टा आणि नवार साध्या पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पावसाळ्यात गुंडाळी करून कपाटात कोंडलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, म्हणून खिळ्याला मोकळा टांगा. कडीला गंजाचा तांबूस डाग दिसला की ती बदला, गंजाने सूत तिथेच कुजतं. महिन्यातून एकदा फुलीची शिवण अंगठ्याने दाबून बघा. एखादा टाका सुटलेला दिसला, तर त्या दिवशी चौकटीवर भागवा आणि पट्टा शिवायला द्या.